पालापासून घरापर्यंत

(शेलूबाजार, जि. वाशिम येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शेलूबाजार हे वाटांवरचे गाव आहे. अमरावती-कारंज्याकडून मालेगाव-मेहकरकडे जाणारा जुना रस्ता आणि अकोल्याहून मंगरुळपीरला जाणारा रस्ता या ठिकाणी एकमेकांस मिळतात. आता गावाजवळून समृद्धी महामार्गही जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी वाहतुकीस खुला झाला. रस्ता आला की बाजार वाढतो, बाजार वाढला की माणसे येतात. या माणसांत एक वर्ग असा आहे की, ज्याला रस्ता हा गावाला जाण्याचा मार्ग नसून रस्ता हेच त्याचे गाव आहे. बांबूच्या चार कामट्या, त्यांवर जुन्या लुगड्याचे वा प्लॅस्टिकच्या कागदाचे छत, पुढे तीन दगडांची चूल आणि बाजूला बांधलेले एखादे जनावर, एवढाच त्याचा संसार. त्याला आपण पाल म्हणतो. नाथजोगी, गोपाळ, वैदू, बहुरूपी, मसणजोगी, बेलदार, घिसाडी अशा कितीतरी समाजांची कुटुंबे वर्षानुवर्षे अशा पालांतून राहत आली आहेत.

ही कुटुंबे चार दिवस थांबतात आणि पुढे जातात, म्हणून त्यांचा प्रश्न हा आपल्या गावाचा प्रश्न आहे असे कोणत्याच गावाला वाटत नाही. प्रत्येक गावाने असेच मानले, तर तो प्रश्न अखेर कोणाचाच राहत नाही. म्हणून या कुटुंबांना निवारा कसा मिळेल आणि त्या निवाऱ्याच्या आधाराने ती स्वतःच्या पायावर कशी उभी राहतील, याचा विचार आज करावयाचा आहे.

एका रात्रीची मोजणी

२०११ च्या जनगणनेत बेघर माणसांची गणती २८ फेब्रुवारीच्या रात्री करण्यात आली. रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, देवळाच्या ओसरीत, रेल्वे फलाटावर जी माणसे आढळली ती मोजण्यात आली. देशात अशा व्यक्तींची संख्या १७ लाख ७३ हजार भरली. महाराष्ट्रात ती २ लाख १० हजारांहून अधिक होती आणि या बाबतीत आपल्या राज्याचा क्रमांक उत्तर प्रदेशाच्या खालोखाल लागला. ही गणती करणाऱ्यांत शिक्षकांचा वाटा मोठा होता, हे येथे उपस्थित असलेल्या गुरुजनांना आठवत असेल.

परंतु एका रात्रीच्या मोजणीने भटक्या कुटुंबाची खरी अवस्था कळत नाही. घर नसणे म्हणजे केवळ डोक्यावर छप्पर नसणे नव्हे. घर नाही म्हणून पत्ता नाही. पत्ता नाही म्हणून शिधापत्रिका नाही, मतदार यादीत नाव नाही, बँकेत खाते नाही. मूल एका शाळेत टिकत नाही, म्हणून दाखला नाही. दाखला नाही, म्हणून जातीचे प्रमाणपत्र नाही. आणि प्रमाणपत्र नाही, म्हणून ज्या योजना त्याच्यासाठीच आखल्या त्यांचाही लाभ नाही. एका अभावातून दुसरा अभाव उपजतो आणि दुसऱ्यातून तिसरा. ही साखळी कोठेतरी तोडावी लागते, आणि ती तोडण्यास सर्वांत योग्य जागा म्हणजे घर होय.

उपजीविका गेली, संशय राहिला

भटके समाज उगीच भटकत नव्हते. त्यांच्या भटकण्याला गावगाड्यात अर्थ होता. घिसाडी नांगराचे फाळ शेवटून देई, बेलदार दगड घडवी, वैदू जडीबुटी देई, बहुरूपी व गोपाळ लोकांचे मनोरंजन करीत. खळ्यावर त्यांचा वाटा ठरलेला असे. पुढे कारखान्यांत तयार झालेली अवजारे आली, दवाखाने आले, चित्रपट व दूरदर्शन आले. १९५९ च्या कायद्याने राज्यात भीक मागण्यास प्रतिबंध झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर व वन्य प्राण्यांच्या खेळांवर अवलंबून असलेल्यांची साधने बंद झाली. हे बदल आपापल्या परीने आवश्यकच होते. मात्र ज्यांचे पोट त्या साधनांवर चालत होते, त्यांच्या हाती त्याच वेळी दुसरे काम पडले नाही.

उपजीविका गेली, पण जुना संशय गेला नाही. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. सोलापूरसारख्या ठिकाणी त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभारण्यात आल्या. तेथे हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय बाहेर जाता येत नसे. सोलापुरातील तो भाग आजही 'सेटलमेंट' या नावाने ओळखला जातो. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्या वसाहतींत छप्पर होते आणि हाताला कामही होते. तरीही त्यांना घर म्हणता आले नाही, कारण तेथे स्वातंत्र्य नव्हते आणि शेजारच्या गावाचा विश्वासही नव्हता. निवारा देताना काय करू नये, याचा धडा आपल्या राज्याच्या इतिहासातच आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातील, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील भिक्षेकरी होते. ते कोण, कोठले, हे सांगणारे तेथे कोणी नव्हते. पत्ता नसलेल्या माणसाला आपण कोण आहोत हे सिद्ध करण्यासही वेळ मिळत नाही, हे त्या दिवशी दिसून आले. म्हणून घराचा प्रश्न हा सोयीचा प्रश्न नाही, तो जिवाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

धर्मशाळा, संक्रमण शिबिर आणि वसाहत

निवाऱ्याचे प्रकार अनेक आहेत आणि त्यांतील फरक समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिला प्रकार धर्मशाळेचा. आपल्या वऱ्हाडच्या मातीत जन्मलेल्या संत गाडगे महाराजांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या केल्या आणि लक्षावधी गोरगरिबांची सोय केली. परंतु धर्मशाळा ही वाटसरूसाठी असते. ज्याला परत जाण्यास घर आहे, त्याची ती रात्रीची सोय होय. शहरी बेघरांसाठी जे निवारे चालविले जातात, तेही प्रामुख्याने याच स्वरूपाचे असतात. नागरी उपजीविका अभियानात दर १ लाख शहरी लोकसंख्येमागे एक निवारा असे प्रमाण ठरविण्यात आले होते.

दुसरा प्रकार संक्रमण शिबिराचा. हा शब्द मुंबईने रूढ केला. मोडकळीस आलेल्या चाळींतील भाडेकरूंना नवी इमारत होईपर्यंत अशा शिबिरांत ठेवण्यात येई. कल्पना चांगली होती. पण कित्येक कुटुंबांची दशकेच्या दशके त्या 'तात्पुरत्या' खोल्यांत गेली. पुढची पायरी निश्चित नसेल, तर तात्पुरता निवारा हाच कायमचा मुक्काम होऊन बसतो, हे त्यावरून शिकता येते.

तिसरा प्रकार, ज्यात कुटुंब काही वर्षे हात धरून चालविले जाते आणि नंतर ते आपले आपण चालू लागते. भटक्या कुटुंबांना खरी गरज आहे ती याच प्रकाराची. घर कायमचे हवे, आधार मात्र मुदतीचा हवा. महाराष्ट्र शासनाने या दिशेने जी योजना आखली, ती म्हणजे यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना. 'मुक्त' हा शब्द तिच्या नावातच आहे. तारेच्या कुंपणाची ती जुनी वसाहत आणि ही वसाहत यांतील अंतर त्या एका शब्दात सामावले आहे.

योजनेची रचना

डिसेंबर २०११ मध्ये ही योजना सुरू करण्यात आली. मुंबई शहर व उपनगर वगळता प्रत्येक जिल्ह्यात दरवर्षी तीन गावे निवडावीत आणि प्रत्येक गावी २० कुटुंबांची वसाहत उभारावी, अशी मूळ आखणी आहे. प्रत्येक कुटुंबास ५ गुंठे जमीन द्यावयाची आणि तीवर २६९ चौरस फुटांचे घर बांधून द्यावयाचे. पाणी, वीज, रस्ता, सांडपाण्याची व्यवस्था यांचाही समावेश योजनेत आहे. पालात राहून गावोगाव भटकणारी, दारिद्र्यरेषेखालील, तसेच विधवा, परित्यक्ता व अपंग यांची कुटुंबे यांना प्राधान्य आहे. जमीन व घर पती-पत्नीच्या संयुक्त नावे होते. विधवेच्या बाबतीत ते तिच्याच नावे होते. ते विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. पुढे, जानेवारी २०१८ मध्ये, वसाहतीबरोबरच वैयक्तिक स्वरूपातही लाभ देण्याचा मार्ग मोकळा करण्यात आला.

या आकड्यांचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. २६९ चौरस फूट म्हणजे २५ चौरस मीटर. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घराचे किमान क्षेत्र एवढेच ठरविले आहे. ५ गुंठे म्हणजे ५,४४५ चौरस फूट. घर बांधल्यावर सुमारे ५ हजार चौरस फूट जागा मोकळी राहते. ही मोकळी जागा हाच या योजनेचा गाभा आहे. तेथे दोन शेळ्या बांधता येतात, कोंबड्यांचे खुराडे होते, परसात भाजी लावता येते, बेलदाराला दगड घडविण्यास आणि घिसाड्याला भाता मांडण्यास जागा मिळते. केवळ घर द्यावयाचे असते, तर अर्धा गुंठाही पुरला असता. उरलेले साडेचार गुंठे पोटासाठी आहेत.

२० कुटुंबांचे १०० गुंठे होतात, म्हणजे सुमारे १ हेक्टर. एका गावाकडून मागितले जाते ते एवढेच.

फासेपारधी समाज अनुसूचित जमातीत मोडत असल्याने त्याच्यासाठी आदिवासी विकास विभागाच्या स्वतंत्र योजना आहेत, हेही कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. केंद्र शासनानेही फेब्रुवारी २०२२ मध्ये विमुक्त व भटक्या जमातींसाठी 'सीड' ही योजना सुरू केली. शिक्षण, आरोग्य विमा, उपजीविका आणि घर अशी तिची चार अंगे असून पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपयांची तरतूद ठरविण्यात आली होती.

अडते कोठे?

योजना कागदावर सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात ती तीन ठिकाणी अडते.

पहिली अडचण जागेची. गावाची मोकळी जमीन बहुधा गायरान असते. गायरानाबद्दल गावकरी जागरूक असतात आणि त्यात गैर काही नाही, कारण गावच्या गुरांची ती चरण्याची जागा आहे. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा निर्णय दिला आणि त्यानंतर राज्यातही अशा जमिनींबाबत कडक धोरण आले. परंतु शासनाच्या आदेशान्वये भूमिहीनांना रीतसर दिलेली जमीन हा अपवाद होऊ शकतो, असे त्याच निर्णयात नमूद आहे. चोरून केलेले अतिक्रमण वेगळे आणि शासनाने मोजून दिलेली जागा वेगळी, हे ग्रामसभेत समजावून सांगण्याचे काम पंचायत सदस्यांचे आहे.

विरोधाचे खरे कारण पुष्कळदा गायरान नसते. 'हे लोक येथे राहिले तर चोऱ्या होतील' अशी भीती असते. ती उघडपणे बोलली जात नाही, म्हणून तिला उत्तरही मिळत नाही. वस्तुतः ज्याच्या नावावर घर आहे, ज्याचे मूल गावच्या शाळेत आहे, ज्याची उधारी गावच्या दुकानात आहे, असा माणूस गावाशी बांधला जातो. त्याला ठाऊकही नसलेल्या गुन्ह्यासाठी त्याच्याकडे बोट दाखविणे सोपे असते ते तो पालात असेपर्यंतच.

दुसरी अडचण कागदांची. विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या व्यक्तीस जातीचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी आपले पूर्वज २१ नोव्हेंबर १९६१ रोजी किंवा त्यापूर्वी राज्यात राहत होते, याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या आजोबांना उभ्या आयुष्यात पक्के छप्पर मिळाले नाही, त्यांच्या राहण्याचा पुरावा नातवाने कोठून आणावा? त्यातही जातींच्या यादीची गुंतागुंत आहे. कैकाडी समाज विदर्भात अनुसूचित जातीत गणला जातो, तर उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीत. एकाच घरातील दोन भाऊ दोन भागांत स्थिरावले, तर त्यांचे मार्गही निराळे होतात. अशा वेळी जुन्या शाळेच्या प्रवेश नोंदवहीतील एक ओळ, जन्म-मृत्यूच्या नोंदीतील एक नाव, किंवा प्रत्यक्ष जाऊन केलेली गृहचौकशी हाच आधार ठरतो. ज्या मुख्याध्यापकाने जुन्या नोंदवह्या वाळवीपासून जपल्या, त्याने एखाद्या कुटुंबाच्या तीन पिढ्या जपल्या असे म्हणण्यास हरकत नाही.

तिसरी अडचण सर्वांत मोठी, ती उपजीविकेची. घर बांधून किल्ली दिली आणि काही महिन्यांनी घराला कुलूप दिसले, की 'या लोकांना घराची सवयच नाही' असा शेरा मारला जातो. तो अन्यायाचा आहे. माणूस हौसेने आपले घर सोडून पालात जात नाही. वसाहत गावापासून दोन मैल दूर असली, पाण्याची सोय नसली आणि हाताला काम नसले, तर तो पोटासाठी पुन्हा रस्त्यावर येतो. कुलूप हा त्या कुटुंबाचा दोष मानण्याआधी, घराबरोबर द्यावयाचे काय राहून गेले याची तपासणी झाली पाहिजे.

पहिली तीन वर्षे

घर मिळाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे निर्णायक असतात. या काळात कोणी काय करावे, याची विभागणी गावपातळीवर झाली तर यश दूर नाही.

ग्रामपंचायतीने सर्वप्रथम त्या कुटुंबांची नावे आपल्या नोंदीत आणावीत. घराचा नमुना ८ चा उतारा, शिधापत्रिका, मतदार यादी, बँक खाते ही कामे एकेका कुटुंबाला तालुक्याच्या गावी हेलपाटे घालावयास न लावता, एक दिवस ठरवून वसाहतीतच व्हावीत. ग्रामपंचायत अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकारी एकत्र बसले, तर एका दिवसात वीस कुटुंबांचे बरेच काम उरकते. रोजगार हमीच्या कामांवर या कुटुंबांना प्रथम बोलवावे. हाताला आठवड्याची मजुरी लागली, की कुटुंब पावसाळ्यापुरते तरी जागी थांबते, आणि एक पावसाळा थांबले, की मुलांचे शाळेचे वर्ष पदरात पडते.

स्त्रियांचे बचत गट हा दुसरा आधार. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत, म्हणजे 'उमेद'मार्फत, हे गट बांधता येतात. भटक्या समाजातील स्त्री वर्षानुवर्षे गावोगाव फिरून सुया-पोत, मणी, गोधड्या विकत आली आहे. भाव करणे, गिऱ्हाईक ओळखणे, हिशेब तोंडी ठेवणे हे तिला शिकवावे लागत नाही. तिला हवे असते ते थोडे भांडवल आणि बाजारात बसण्यास हक्काची जागा. शेलूबाजारसारख्या गावात बाजाराच्या ओट्यावरची चार हात जागा ही कित्येक दिवसांच्या भाषणांपेक्षा मोलाची ठरेल. मोठ्या व्यवसायासाठी वसंतराव नाईक विमुक्त जाती व भटक्या जमाती विकास महामंडळ आहे. १९८४ पासून ते या समाजांसाठीच काम करीत आले आहे.

शिक्षकांचा वाटा तर सर्वांत नाजूक आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलास प्रवेश नाकारता येत नाही. मागील शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, म्हणूनही नाकारता येत नाही. दहा वर्षांचे मूल कधीच शाळेत गेले नसेल, तर त्याला वयानुरूप वर्गात घेऊन विशेष शिक्षण द्यावयाचे असते. कायदा इतके सांगतो. वर्गात ते मूल कोणाजवळ बसते, मधल्या सुटीत त्याच्याशी कोण खेळते, त्याच्या बोलीला कोणी हसते काय, हे मात्र कायद्याच्या हाती नाही, ते शिक्षकाच्या हाती आहे. घरात आपल्या समाजाची वेगळी बोली बोलणारे मूल शाळेत मुके राहते, ते मंद असते म्हणून नव्हे. आई-बाप कामासाठी हंगामात बाहेर गेले, तरी मूल मागे राहावे यासाठी आश्रमशाळा व हंगामी वसतिगृहे यांचा मार्ग खुला आहे. त्याची माहिती पालकांना शिक्षकच देऊ शकतो.

यशाचे माप

अशा वसाहतीचे यश कशावरून ठरवावे? किती घरे बांधली आणि किती निधी खर्ची पडला, हे आकडे अहवालात आवश्यक आहेत. पण ते आरंभाचे आकडे होत. खरे माप पाच वर्षांनी घ्यावे. घराला वर्षभर कुलूप लागले नाही ना? मुले त्याच शाळेत पुढच्या इयत्तेत गेली ना? परसात शेळी किंवा कोंबडी आहे ना? कुटुंबाने कोणाच्या शिफारशीशिवाय स्वतः जाऊन बँकेतून पैसे काढले ना? आणि गावच्या लग्नाकार्यात त्या वस्तीला आवतण जाते ना? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली, तर ते कुटुंब लाभार्थ्यांच्या यादीतून निघून गावकऱ्यांच्या यादीत आले असे समजावे. आधाराची गरज संपणे हेच आधाराचे साफल्य होय.

शासन निधी देऊ शकते, जागा मोजून देऊ शकते, घर बांधून देऊ शकते. परंतु ग्रामसभेत हात वर करून 'ही वीस कुटुंबे आमच्या गावची' असे म्हणणे शासनाच्या हाती नाही. ते येथे बसलेल्या आपणा सर्वांच्या हाती आहे. वाशिम हा तांड्यांचा जिल्हा आहे. एके काळी बैलांच्या पाठीवर माल लादून देशभर फिरणारा बंजारा समाज येथे स्थिरावला, शेती करू लागला, शिकला आणि त्याच समाजातील वसंतराव नाईक राज्याचे अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री झाले. जमीन, शाळा आणि गावाची साथ मिळाली की फिरते पाय स्थिरावतात, याचा दाखला शोधण्यास या जिल्ह्याला दूर जाण्याचे कारण नाही.

पुढील ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय आवर्जून घ्यावा. गावाच्या शिवारात पाल टाकून राहणारी कुटुंबे किती, ती वर्षातून किती महिने येथे असतात, आणि त्यांच्यासाठी पाण्याजवळची, शाळेजवळची जागा कोणती देता येईल, एवढी माहिती गोळा करून तिचा ठराव संबंधित शासकीय कार्यालयाकडे पाठवावा. कामाचा आरंभ त्या एका ठरावाने होतो.